चूक बघायची कशी: स्वतःला न झोडपता आणि तिच्यापासून न पळता

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मागून चालणाऱ्याबद्दल आहे. ज्याला प्रत्यक्ष ठेच लागली तो शहाणा झाला का, याबद्दल ती गप्प आहे. आणि तो बऱ्याचदा होत नाही. माणसं तीच चूक पुन्हा करतात, दर वेळी आधीपेक्षा जास्त कळवळतात, रात्रभर तळमळतात, आणि पुढच्या वेळी पाय त्याच दगडावर आपटतो. त्रास भरपूर होतो, शिकणं मात्र राहून जातं.

‘चुकांतून माणूस शिकतो’ हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं, की चूक झाली म्हणजे धडा आपोआप मिळणारच असं वाटायला लागतं. पण मधे आपलं मन असतं. त्या मनाला चूक नीट बघण्यापेक्षा स्वतःला वाचवणं जास्त निकडीचं वाटतं. ही निकड कुठून येते आणि ती कमी कशी करता येते, हे समजलं तर चुका खरोखर उपयोगी पडू लागतात. आत्मसन्मान जपणं म्हणजे स्वतःचे लाड करणं, असा एक समज आहे. मला तो समज चुकीचा वाटतो, इतकंच नाही तर घातकही वाटतो. आपल्या चुकीकडे डोळे उघडे ठेवून बघायला जे बळ लागतं, ते आत्मसन्मानातूनच येतं.

स्वतःची चूक ऐकू का येत नाही

लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयेलेट फिशबाख या दोन संशोधिकांनी 2019 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका प्रकारात लोकांना अनोळखी लिपीतली चिन्हं दाखवली जात आणि दोन पर्यायांतून अर्थ ओळखायला सांगितलं जाई. पर्याय फक्त दोनच. त्यामुळे ‘तुमचं उत्तर बरोबर आहे’ असं कळलं काय किंवा ‘चुकीचं आहे’ असं कळलं काय, मिळणारी माहिती सारखीच होती. एक चुकीचं ठरलं की दुसरं बरोबर, हे उघड आहे. नंतर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ‘बरोबर’ ऐकलेली माणसं जास्त शिकलेली आढळली आणि ‘चूक’ ऐकलेली कमी. चूक झाल्याचं कळताच मन त्या प्रश्नातून अंग काढून घेत होतं.

याच प्रयोगांतला पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. लोकांना जेव्हा दुसऱ्या कुणाची चूक दाखवून तीच माहिती दिली, तेव्हा ते व्यवस्थित शिकले. माहिती बदलली नव्हती, त्यांची बुद्धीही बदलली नव्हती. फरक एवढाच होता, की या वेळी त्यांचा स्वतःचा मान पणाला लागलेला नव्हता.

प्रयोगशाळेबाहेरही असंच चित्र दिसतं. हृदयावर लहान छेदातून शस्त्रक्रिया करणाऱ्या 71 सर्जननी दहा वर्षांत केलेल्या साडेसहा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. हे सर्जन स्वतःच्या अपयशापेक्षा स्वतःच्या यशातून जास्त शिकले होते. सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र नेमकं उलट होतं. तिथे ते यशापेक्षा अपयशातून जास्त शिकले होते. वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतलेल्या, जबाबदारीची पुरेपूर जाणीव असलेल्या माणसांचीही ही गत, तर आपण स्वतःला फार दोष देण्याचं कारण नाही.

चूक आपल्याला कळतच नाही, असं मात्र नाही. मेंदू त्या बाबतीत विलक्षण चपळ आहे. संगणकासमोर बसवून माणसाला झटपट बटणं दाबायला लावली आणि त्याने चुकीचं बटण दाबलं, तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच त्याच्या मेंदूतल्या विद्युत लहरींमध्ये एक ठळक घसरण दिसते. 1990 च्या सुमारास हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. त्यानंतर थोड्या वेळाने दुसरी एक लहर येते. चूक झाल्याची जाणीव होणं आणि तिच्याकडे लक्ष देणं याच्याशी ती जोडलेली आहे. पहिली खूण आपल्या हातात नाही. आपल्या हातात जे काही आहे, ते त्यानंतर सुरू होतं: लक्ष चुकीवर ठेवायचं, की ‘आता लोक काय म्हणतील’ याच्यावर.

लक्ष चुकीवर राहिलं तर ती किती शिकवते, याचाही पुरावा आहे. जेनेट मेटकाफ आणि ब्रॅडी बटरफील्ड यांनी 2001 मध्ये दाखवलं, की सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांमध्ये ज्या चुकीच्या उत्तरांबद्दल माणसाला पक्की खात्री असते, नेमकी तीच उत्तरं दुरुस्त केल्यावर जास्त पक्की लक्षात राहतात. खात्री होती आणि ती फसली, म्हणून आश्चर्य वाटतं. आश्चर्य वाटलं की लक्ष जातं. इथे प्रश्न साध्या माहितीचा असतो, त्यात कुणाची किंमत ठरत नसते, म्हणून धक्का बसूनही मन दार लावून घेत नाही.

‘मी चुकलो’ आणि ‘मीच तसला’

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्ये आत्मसन्मानाचं एक सूत्र मांडलं होतं: माणसाने मिळवलेलं यश भागिले त्याने स्वतःकडून धरलेल्या अपेक्षा. सूत्र सुटसुटीत आहे, आणि आपल्यापैकी कित्येकजण नकळत तसंच जगतात. पण त्यातला धोका बघा. सन्मान जर यशावर उभा असेल, तर प्रत्येक चूक त्याच्या पायावरच घाव घालणार. जेनिफर क्रॉकर यांनी यावर बरीच वर्षं संशोधन केलं. कुणाचा मान अभ्यासातल्या गुणांवर टांगलेला असतो, कुणाचा दिसण्यावर, कुणाचा लोकांच्या पसंतीवर. ज्या गोष्टीवर तो टांगलेला असतो, तिथली छोटी चूकही माणसाला हादरवते. बाकी ठिकाणची मोठी चूकसुद्धा तो हसत सांगतो. म्हणून कोणती चूक सांगताना आपला आवाज बदलतो, एवढं टिपलं तरी आपला मान कशावर टांगलेला आहे ते समजतं.

हेलन ब्लॉक लुइस यांनी 1971 मध्ये आणि पुढे जून टँगनी यांनी आणखी तपशिलात एक फरक दाखवून दिला. या सगळ्या विषयात मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. अपराधीपणा कृतीबद्दल असतो: ‘मी हे वाईट केलं.’ शरम संपूर्ण स्वतःबद्दल असते: ‘मीच वाईट आहे.’ दोन्ही भावना दुखवतात, पण त्यांच्या दिशा वेगळ्या. कृतीबद्दल वाईट वाटणारा माणूस माफी मागायला जातो, भरपाई करतो, पुढच्या वेळी काय करायचं याचा विचार करतो. शरमेत बुडालेला माणूस लपतो, नाकारतो, किंवा उलट समोरच्यावरच उखडतो. बाहेरून तो उद्धट, बेफिकीर वाटू शकतो. आत बहुधा असह्य झालेली शरम असते.

कृती बदलता येते, म्हणून अपराधीपणाला पुढे वाट असते. ‘मीच तसला’ म्हटल्यावर बदलायचं काय? तिथे सुधारणेला जागाच उरत नाही. शरमेचं शस्त्र वापरून मुलांना, विद्यार्थ्यांना, हाताखालच्या माणसांना वळण लावू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. त्यातून बाहेर पडणारी माणसं चुका कमी करतातच असं नाही, पण चुका लपवण्यात मात्र तरबेज होतात.

झोडपल्याने सुधारणा होते का?

अनेकांच्या मनात एक भीती असते. स्वतःशी नरमाईने वागलो तर आपण ढिले पडू. मनातला चाबूक खाली ठेवला तर काम कोण करणार?

ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दांची एक अवघड परीक्षा दिली, ज्यात बहुतेकांची त्रेधा उडेल. मग एका गटाला साधारण असं सांगितलं: ही परीक्षा अवघड होती, अनेकांना ती जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. दुसऱ्या गटाला सांगितलं: इतक्या नामांकित विद्यापीठात आलात, म्हणजे तुम्ही हुशारच असणार. तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. मग पुढच्या परीक्षेसाठी हवा तेवढा वेळ अभ्यास करायची मुभा दिली. सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला पहिल्या गटाने, म्हणजे ज्यांना स्वतःशी प्रेमाने वागायला सांगितलं होतं त्यांनी.

दुसऱ्या गटाकडेही नीट बघायला हवं, कारण आत्मसन्मान जपणं म्हणजे काय नव्हे, हे तिथे दिसतं. ‘तू हुशारच आहेस’ या शब्दांनी फुंकर बसते, पण पुस्तक उघडायची गरज त्याने वाढत नाही. आत्मसन्मान फुगवला की यश आपोआप मागे येतं, अशी समजूत मधल्या काळात बरीच पसरली होती. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर 1986 मध्ये त्यासाठी सरकारी कृती दलच नेमलं. पुढे 2003 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा नुसत्या उंच आत्मसन्मानामुळे कामगिरी सुधारते याला फारसा आधार मिळाला नाही. तेव्हा आरशासमोर उभं राहून ‘मी ग्रेट आहे’ म्हणणं हा आपल्या प्रश्नावरचा इलाज नाही.

इलाज वेगळा आहे आणि कमी झगमगीत आहे. क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःप्रती असलेल्या करुणेची तीन अंगं सांगितली. स्वतःशी कठोरपणाऐवजी आपुलकीने बोलणं. ‘हे माझ्याच वाट्याला का’ याऐवजी सगळी माणसं चुकतात, त्यांतलाच मी एक, ही जाणीव ठेवणं. आणि दुखणं आहे तेवढंच बघणं, न दाबता, न फुगवता. यांत ‘मी चुकलोच नाही’ असं कुठेही नाही. उलट चूक मान्य करूनच पुढचं सगळं सुरू होतं.

कॅनडात 2010 मध्ये झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःवर दात-ओठ खात राहिलेल्यांना पुस्तक पाहिलं की आधीचा अपमान आठवणार, आणि ती आठवण नको म्हणून ते पुस्तक पुन्हा लांब ढकलणार. झोडपणं सुधारणेच्या आड येतं ते असं.

एका चुकीची उलटतपासणी

आता तत्त्व बाजूला ठेवून एक काल्पनिक पण नेहमीचं उदाहरण घेऊ. एका कार्यालयात एक जण दर महिन्याला अहवाल तयार करते. या महिन्याच्या अहवालात एका तक्त्यात मागच्या महिन्याचेच आकडे राहिले. वरिष्ठांनी बैठकीत तेच वाचून दाखवले, कुणीतरी चूक पकडली, सगळ्यांसमोर शोभा झाली.

त्या संध्याकाळी तिच्या मनात काय चालतं? ‘मी नेहमी अशीच धांदरट. मला हे काम झेपतच नाही. आता कोणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.’ या वाक्यांत अहवाल कुठेच नाही, तक्ता नाही, आकडे नाहीत. घटनेबद्दल एकही माहिती नाही. सगळा मजकूर तिच्याबद्दल आहे. असा विचार तासन् तास केला तरी पुढचा अहवाल सुधारणार नाही, कारण अहवालाचा विचार झालेलाच नाही. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या उगाळत बसण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यातली फसवी गोष्ट अशी, की उगाळणाऱ्याला आपण प्रश्न सोडवतोय असं वाटत असतं. प्रत्यक्षात उगाळण्याने उदासी वाढते आणि मार्ग सुचायची क्षमता घटते.

तिने पहिलं काम करावं ते थांबण्याचं. छाती धडधडत असताना, कान तापलेले असताना केलेलं आत्मपरीक्षण बहुधा निवाडाच असतो. तातडीची दुरुस्ती, म्हणजे बरोबर आकडे पाठवणं, लगेच करावी. कारणांचा शोध दुसऱ्या दिवशी घेतला तरी चालतो, मात्र आठवडाभर लांबवू नये. तोवर स्मृती स्वतःच्या सोयीने घटना रंगवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी कागद घ्यावा आणि घडलं तसं, क्रमाने लिहावं. विशेषणं टाळून. ‘नवीन फाइल उघडली नाही. मागच्या महिन्याची फाइल घेऊन तिच्यातच आकडे बदलले. एकूण पाच तक्ते होते. तिसरा झाल्यावर फोन आला. परत आल्यावर पाचव्यापासून सुरुवात केली. चौथा राहिला. पाठवण्याआधी वाचून बघितलं, पण शब्द वाचले, आकडे जुळवले नाहीत.’ एवढं लिहिल्यावर ‘धांदरट’ हा शब्द किती निरुपयोगी होता ते दिसतं. दोष कुठे आहे ते आता बोट ठेवून दाखवता येतं: जुन्या फाइलवर काम केलं की राहिलेला तक्ता रिकामा दिसत नाही, भरलेलाच दिसतो. म्हणजे चूक डोळ्यांना दिसणारच नाही, अशी पद्धत होती. कोऱ्या नमुन्यावर काम केलं असतं तर चौथा तक्ता रिकामा दिसला असता.

इथे बहुतेकजण ‘यापुढे नीट लक्ष देईन’ असं म्हणून थांबतात. हा संकल्प प्रामाणिक असतो, तरी तो उपाय नव्हे. लक्ष आधीही दिलेलंच होतं. फोन पुढच्या महिन्यातही येणार आहे. उपाय असा हवा, जो थकलेल्या, घाईतल्या, फोनने विचलित झालेल्या आपल्यालाही वाचवेल. कोरा नमुना हा तसा उपाय आहे. ‘मी अधिक चांगली व्यक्ती बनेन’ हा नाही.

‘नेहमी’ या शब्दाचीही झडती घ्यावी. मागचे बारा अहवाल काढून बघावेत. किती चुकले होते? एकही नाही, तर ‘नेहमी’ खोटा आहे. पाच चुकले असतील, तर तीही कामाचीच माहिती आहे, आणि मग त्या पाचांत सारखं काय होतं ते शोधावं. दोन्ही बाजूंनी खरं बोलायचं, एवढाच हा नियम आहे. स्वतःला न दुखवता शिकणं म्हणजे आकडे गोड करून घेणं नव्हे.

हे लिहिताना जड जात असेल तर एक साधी युक्ती कामाला येते. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचार करणारी माणसं कमी गोंधळली आणि नंतर कमी उगाळत बसली. आपलं नाव घेऊन, ‘तिने फाइल का बदलली नाही?’ असं लिहिलं, की ती जणू दुसऱ्या कुणाची चूक होते. दुसऱ्याच्या चुकीतून आपण छान शिकतो, हे आपण वर पाहिलंच.

आणखी एक सापळा. घटना घडून गेल्यावर ती टाळता येण्यासारखीच होती, असं वाटतं. बरूख फिशहॉफ यांनी 1975 मध्येच दाखवून दिलं, की निकाल कळला की माणसाला तो आधीपासूनच उघड होता असं वाटू लागतं. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मला कळायला नको होतं का?’ असा नसावा. ‘त्या क्षणी माझ्यासमोर कोणती माहिती होती?’ असा असावा. कधी उत्तर येईल, की माहिती समोर होती आणि मी डोळेझाक केली. कधी उत्तर येईल, की तेव्हा उपलब्ध माहितीवर निर्णय योग्यच होता, निकाल मात्र वाईट लागला. दुसऱ्या प्रकाराला चूक म्हणणंच चूक आहे, आणि त्यापासून धडा घेऊ पाहणारा माणूस चांगली सवय मोडून टाकू शकतो.

सगळ्या चुका एका जातीच्या नसतात

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमारास मानवी चुकांची जी विभागणी मांडली, ती आजही रुग्णालयांपासून अणुवीज केंद्रांपर्यंत वापरली जाते. काही चुका हातून निसटतात: करायचं होतं एक, झालं दुसरं. काही विसरण्याच्या असतात. काहींमध्ये हात बरोबर चालतो, पण समजूतच चुकीची असते. आणि नियम माहीत असून मुद्दाम मोडणं हा प्रकार या सगळ्यांपासून वेगळा.

निसटणाऱ्या आणि विसरण्याच्या चुकांवर उपदेशाचा उपयोग जवळपास शून्य. तिथे यादी, खूण, कोरा नमुना अशा गोष्टी लागतात. समजूत चुकीची असेल तर शिकायला हवं, कुणाला तरी विचारायला हवं. मुद्दाम मोडलेल्या नियमाच्या बाबतीत मात्र स्वतःला कडक प्रश्न विचारायलाच हवेत. त्याला ‘माणूस आहे, चुकणारच’ म्हणून पांघरूण घालणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. आपण बहुतेकवेळा उलटं करतो. विसरभोळेपणाबद्दल स्वतःला फाडून खातो आणि जाणूनबुजून केलेल्या चालढकलीला सबब शोधतो.

आकाशातून आलेला धडा

1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत असताना डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व 92 जण गेले. उतरायची परवानगी मिळाली म्हणजे किती खाली यायचं, याबद्दल वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला होता. तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. साधारण सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोचवायची सोयच नव्हती.

1976 मध्ये अमेरिकेत एक नवी व्यवस्था सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, कर्मचारी आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग कळवू शकतात. कळवायचं विमान वाहतुकीवर दंड बसवणाऱ्या खात्याला नव्हे, तर नासाला. नासा नावं आणि ओळख पटणारे तपशील काढून टाकते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, अपघात किंवा गुन्हा नसेल आणि ती 10 दिवसांच्या आत कळवली असेल, तर दंडातून सहसा सूट मिळते. आजवर दहा लाखांहून अधिक अहवाल आले आहेत. वैमानिक एकाएकी धाडसी झाले, असं यात काही नाही. चूक सांगण्याची किंमत कमी केली, म्हणून चुका कळू लागल्या.

एमी एडमंडसन यांना 1990 च्या दशकात रुग्णालयांत असंच काहीसं आढळलं. औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या, तर उत्तम नेतृत्व असलेल्या, एकमेकांशी चांगले संबंध असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. आधी हे उलटंच वाटलं. मग उलगडा झाला, की त्या विभागांत लोक चुका उघडपणे बोलत होते. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या.

माणसाच्या आतही असंच एक कार्यालय चालू असतं. तिथला साहेब प्रत्येक चुकीला फासावर चढवणारा असेल, तर खालून खऱ्या बातम्या वर येणं बंद होतं. मग आपल्याला मनापासून वाटू लागतं, की दोष परिस्थितीचा होता, दुसऱ्याचा होता, नशिबाचा होता.

दुसऱ्याची चूक सांगताना

या विषयात पालक, शिक्षक आणि वरिष्ठ यांचा हात मोठा आहे, कारण आपण स्वतःशी ज्या सुरात बोलतो तो सूर कुणाकडून तरी उचललेला असतो. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायाविषयीचं आधीचं संशोधन एकत्र करून 600 हून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्याने कामगिरी खालावली होती. त्यांनी मांडलेलं कारण असं, की अभिप्राय कामाकडून माणसाच्या स्वत्वाकडे लक्ष वळवू लागला, की तो निकामी होतो.

हे स्तुतीलाही लागू आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढच्या अवघड कोड्यांत अडल्यावर लवकर हिरमुसली आणि नंतर त्यांची कामगिरी घसरली. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं टिकून राहिली. आणि मनाला लागणारी गोष्ट ही, की आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायची वेळ आली तेव्हा ‘हुशार’ म्हटल्या गेलेल्या मुलांपैकी जास्त जणांनी ते वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का टिकवण्यासाठी मुलं खोटं बोलू लागली.

म्हणून ‘किती वेळा सांगितलं तुला’ याऐवजी ‘कुठे अडलं, दाखव’ म्हणून बघा. पहिल्या वाक्याला उत्तर नसतं, फक्त खाली घातलेली मान असते. दुसऱ्याला उत्तर असतं, आणि ते ऐकल्यावर कित्येकदा कळतं, की मूल नियम विसरलेलं नव्हतं, त्याने वेगळाच नियम लावला होता.

चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर

इथवरची उदाहरणं बरीचशी आपल्यापुरती होती. सर्वांत अवघड चुका त्या, ज्यांची झळ दुसऱ्याला बसते. तिथे स्वतःशी प्रेमाने वागणं हा पळपुटेपणा वाटू शकतो. मला तसं वाटत नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्याचं नुकसान झालं तो, मग आपण.

माफी मागताना पुष्कळ माणसं स्वतःची निंदा करतात: ‘मी फार वाईट आहे, मला क्षमाच नाही.’ ते नम्र वाटतं, पण त्याने काय होतं बघा. ज्याचं नुकसान झालं, त्यालाच आता आपली समजूत काढावी लागते. दुखावलेला माणूस बाजूला राहतो आणि पुन्हा आपणच मध्ये येतो. त्यापेक्षा काय केलं ते स्पष्ट सांगावं, त्याचा काय परिणाम झाला असेल ते समजून बोलावं, कारणं देत बसू नये, भरपाई काय करणार ते सांगावं आणि मग गप्प बसून ऐकावं. हे करायला स्वतःबद्दल थोडा तरी आदर शिल्लक लागतो. तो पूर्ण हरवला असेल तर समोरच्याचा राग ऐकूनच घेता येत नाही.

काही वेळा मात्र चूक आणि शिक्षा यांचा मेळच उरत नाही. जुन्या, लहानशा चुका दिवसरात्र डोक्यात फिरत असतील, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटत असेल, झोप, भूक, काम यांवर दोन आठवड्यांहून जास्त काळ परिणाम होत असेल, तर प्रश्न चुकांचा राहिलेला नसतो. ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, आणि वर सांगितलेल्या कागद-पेनच्या गोष्टी त्याला पुरणार नाहीत. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावं. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं.

बाकी भरपाईबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. समोरचा माफ करेलच असं नाही, आणि तसा त्याच्यावर आग्रहही धरू नये. पण बरोबर आकडे पाठवणं, मोडलेलं दुरुस्त करणं, घेतलेलं परत करणं, तसं पुन्हा घडू नये म्हणून पद्धत बदलणं, यांतलं काहीही त्याच्या माफीसाठी अडून राहत नाही. ते आज दुपारीच सुरू करता येतं.